डॉक्टरांची चिठ्ठी आणि लॅब रिपोर्ट कसा वाचायचा? मेडिकल शब्दांची फोड आणि शॉर्टफॉर्म, सोप्या मराठीत



आपल्यासाठी जीबी म्हणजे गिगाबाईट, ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, पीसी म्हणजे कॉम्प्युटर आणि टीडीएस म्हणजे पगारातून कापलेला टॅक्स. पण हीच अक्षरं दवाखान्याच्या कागदावर आली की अर्थ पार बदलतो. सोनोग्राफी रिपोर्टमधला जीबी म्हणजे पित्ताशय. चष्म्याच्या नंबरातला ओएस म्हणजे डावा डोळा. गोळीच्या नावापुढचं पीसी म्हणजे जेवणानंतर, आणि टीडीएस म्हणजे दिवसातून तीन वेळा.

मी अंजनगाव सुर्जीचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडून पेशंट मोठ्या तपासणीसाठी अमरावतीला नाहीतर अकोल्याला जातो. रिपोर्टची पीडीएफ मात्र डॉक्टर भेटायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडते, आणि घरात ज्याला 'मोबाईलमधलं समजते' त्याच्याकडे फॉरवर्ड होते. तुमच्या घरात तो माणूस बहुतेक तुम्हीच आहात, म्हणून हा लेख. हा वाचून आजाराचं निदान करायचं नाही. कागदावर काय लिहिलंय ते कळावं आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा, एवढंच.

अमरावतीचं इर्विन असो, डफरीन असो की एखादा खासगी दवाखाना, कागदावरची ही भाषा सगळीकडे एकच असते.

1) मोठा शब्द शेवटाकडून वाचा

मेडिकल शब्द बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून बनलेले असतात. फाईलच्या नावाचा विचार करा. शेवटचं एक्स्टेन्शन पाहिलं की फाईल फोटो आहे की गाणं ते कळतं. इथेही शब्दाचा शेवट सांगतो 'काय झालं किंवा काय केलं', मधला भाग सांगतो 'कोणत्या अवयवाचं', आणि सुरुवातीचा भाग सांगतो 'किती, कुठे, कसं'.

नेहमी दिसणारे शेवट:

- आयटिस: दाह, सूज. अपेंडिसायटिस म्हणजे अपेंडिक्सला सूज.
- एक्टॉमी: काढून टाकणे. अपेंडेक्टॉमी म्हणजे अपेंडिक्स काढणे.
- ऑटॉमी: चीर देणे. लॅपरोटॉमी म्हणजे पोट उघडून पाहणे.
- ऑस्टॉमी: नवीन तोंड करणे. कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढतात.
- स्कोपी: दुर्बिणीतून पाहणे.
- मेगॅली: आकार वाढणे.
- पेनिया: संख्या कमी होणे.
- ईमिया: रक्तातली गोष्ट.
- यूरिया: लघवीतली गोष्ट. हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त. पण 'ब्लड युरिया' हा शब्द वेगळा. तिथे खरोखरच युरिया मोजतात, आपण शेतात टाकतो तेच रसायन.
- ओमा: गाठ किंवा फुगवटा. हा शेवट दिसला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. हिमॅटोमा म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त.

मधले तुकडे: हिपॅट म्हणजे यकृत, कार्डि म्हणजे हृदय, गॅस्ट्र म्हणजे जठर, न्यूमो म्हणजे फुफ्फुस, ऑस्टिओ म्हणजे हाड, आर्थ्र म्हणजे सांधा, ल्युको म्हणजे पांढरं, एरिथ्रो म्हणजे लाल, सायटो म्हणजे पेशी. किडनीसाठी मात्र दोन तुकडे आहेत. ग्रीकमधून नेफ्रो आला आणि लॅटिनमधून रीनल. म्हणून किडनीचा डॉक्टर नेफ्रोलॉजिस्ट, आणि किडनी निकामी होणं ते रीनल फेल्युअर. अवयव एकच.

आता एक मोठा शब्द फोडू: थ्रोम्बोसायटोपेनिया. शेवट पेनिया, म्हणजे कमी. मध्ये सायटो, म्हणजे पेशी. सुरुवातीला थ्रोम्बो, म्हणजे रक्ताची गुठळी. गुठळी करणाऱ्या पेशी कमी, म्हणजेच प्लेटलेट कमी. डेंग्यूच्या दिवसांत गावात लोक 'पेशी कमी झाल्या' म्हणतात ना, तेच हे.

2) हायपर आणि हायपो: एका अक्षराचा फरक, अर्थ उलटा

हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. फोनवर ऐकताना हे दोन शब्द सगळ्यात जास्त घोळ घालतात. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर जास्त, हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर कमी. साखर कमी झालेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच ग्लुकोज किंवा साखर द्यावी लागते. साखर आधीच वाढलेल्या माणसाला तीच दिली तर त्रास वाढतो. म्हणून फोनवर कोणी यातला एक शब्द सांगितला की लगेच विचारा, 'जास्त की कमी? आकडा किती?'

अशीच दुसरी जोडी टॅकी आणि ब्रॅडीची. टॅकीकार्डिया म्हणजे हृदयाचे ठोके जलद, ब्रॅडीकार्डिया म्हणजे मंद.

3) 'पिशवी काढली' म्हणजे नेमकं काय काढलं?

शब्दाची फोड किती महत्त्वाची आहे याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण बीडचं. 2019 मध्ये तिथल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण केलेल्या सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

घरात या ऑपरेशनला आपण सरसकट 'पिशवी काढली' म्हणतो. पण डिस्चार्ज कार्डावरचे शब्द जास्त नेमके असतात:

- हिस्टेरेक्टॉमी: हिस्टर म्हणजे गर्भाशय, एक्टॉमी म्हणजे काढणे.
- टीएएच: टोटल अ‍ॅब्डॉमिनल हिस्टेरेक्टॉमी. पोटावर चीर देऊन गर्भाशय आणि गर्भाशयाचं मुख काढलं. इथे 'टोटल' म्हणजे 'सगळं काढलं' असा अर्थ नाही. अंडाशय यात येत नाहीत.
- बीएसओ: बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजू, साल्पिंगो म्हणजे गर्भनलिका, ऊफोर म्हणजे अंडाशय. दोन्ही नलिका आणि दोन्ही अंडाशय काढले.

फक्त टीएएच लिहिलंय की सोबत बीएसओ पण आहे, यावर पुढची बरीच वर्षं अवलंबून असतात. पाळी जायच्या वयाआधी दोन्ही अंडाशय काढले तर हार्मोन एकदम कमी होतात. अंगातून गरम वाफा निघण्यासारखा त्रास लगेच सुरू होऊ शकतो आणि हाडं लवकर ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. आईचं, मावशीचं किंवा काकूचं हे ऑपरेशन झालं असेल तर जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि ही तीन-चार अक्षरं पहा. पुढच्या डॉक्टरला ती दाखवणं खूप कामाचं आहे. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सही करायच्या आधी विचारा, 'अंडाशय ठेवणार की काढणार? का?'

4) चिठ्ठीवरचे शॉर्टफॉर्म

यातले बरेच लॅटिन आहेत:

- ओडी: दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा.
- बीडी: दोनदा. टीडीएस: तीनदा. क्यूआयडी: चारदा.
- एचएस: झोपताना.
- एसी: जेवणाआधी. पीसी: जेवणानंतर.
- एसओएस: गरज पडली तरच. याचा 'इमर्जन्सी'शी संबंध नाही.
- स्टॅट: ताबडतोब.
- 1-0-1: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.
- 5/7: पाच दिवस. 2/52: दोन आठवडे. 3/12: तीन महिने. खालचा आकडा म्हणजे आठवड्याचे दिवस, वर्षाचे आठवडे किंवा वर्षाचे महिने.
- केसीओ: आधीपासून माहीत असलेला आजार. 'केसीओ डीएम' म्हणजे जुना शुगरचा पेशंट.
- एनएडी: काही बिघाड आढळला नाही.
- एनबीएम: तोंडाने काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

2016 मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने नियमात बदल करून डॉक्टरांनी औषधांची जेनेरिक नावं वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असं सांगितलं. त्यामुळे अक्षर लागत नसेल तर 'डॉक्टर, हे नाव जरा मोठ्या अक्षरात लिहून देता का?' असं विचारण्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

5) इन्सुलिन: इथे शॉर्टफॉर्म जीवावर बेततो

युनिटसाठी नुसतं 'यू' लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं. 10 यू चे 100 वाचले जाऊ शकतात. म्हणूनच अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने 2004 मध्ये 'वापरू नका' अशी यादी काढली, त्यात हे अक्षर आहे. 5.0 असं लिहिणंही त्या यादीत आहे, कारण दशांश चिन्ह पुसट झालं की 5 चे 50 होतात.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. इन्सुलिन 40 आणि 100 अशा दोन ताकदीत मिळतं, आणि दोन्हीच्या सिरिंजही वेगळ्या. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. समजा 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं. तर शरीरात 20 नाही, 50 युनिट जातील. अडीचपट! मेडिकलवरून आणताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सारखा आहे का, हे दर वेळी पहा.

6) लॅब रिपोर्टमध्ये काय पाहायचं

एककं आधी पहा. एका लॅबच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट 1.5 लाख लिहिलेले असतात, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टमध्ये नुसते 150. घाबरू नका. बाजूच्या एककात 'गुणिले 10 चा तिसरा घात' असतं, म्हणजे 150 हजार, म्हणजेच दीड लाख. कोडमध्ये युनिट न पाहता दोन आकड्यांची तुलना आम्ही करत नाही, इथेही करायची नाही.

टीएसएच उलटा चालतो. टीएसएच हा मेंदूतल्या ग्रंथीकडून थायरॉईडला जाणारा 'काम कर' असा हुकूम. थायरॉईड मंद झाली की हुकूम वाढतो. म्हणून टीएसएच जास्त असेल तर बहुतेक वेळा आजार हायपोथायरॉईडचा असतो.

शब्दांना फसू नका. तपासणीत 'निगेटिव्ह' म्हणजे जे शोधलं ते सापडलं नाही. 'अनरिमार्केबल' म्हणजे वेगळं काही दिसलं नाही. सोनोग्राफीत सगळ्यात खाली 'इम्प्रेशन' असतं, सारांश तिथे वाचा.

7) एएस आणि एसएस: आपल्या भागातली दोन अक्षरं

आमचं गाव मेळघाटच्या पायथ्याजवळ, आणि विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं. या तपासणीत तीन उत्तरं येतात. एए म्हणजे नॉर्मल. एएस म्हणजे वाहक, तो आजारी नाही. एसएस म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. आई-वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, लक्ष्य 2047 चं आहे. लग्न जमवताना पत्रिकेसोबत ही दोन अक्षरंही पाहून घ्या.

हेच एएस हृदयाच्या रिपोर्टमध्ये आलं तर एका झडपेचं अरुंद होणं. म्हणून शॉर्टफॉर्म एकटा कधीच वाचायचा नाही. कागद कोणत्या विभागाचा आहे ते आधी पहायचं.

8) औषधांच्या नावातही पॅटर्न असतो

जेनेरिक नावं कशी ठेवायची याची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत 1953 पासून चालू आहे. ब्रँड कोणताही असो, पाकिटावर खाली जेनेरिक नाव असतं:

- सार्टान: बीपीचं औषध (टेल्मिसार्टान)
- स्टॅटिन: कोलेस्टेरॉलचं (अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन)
- प्राझोल: अ‍ॅसिडिटीचं (पॅन्टोप्राझोल)
- सिलिन: पेनिसिलिनच्या घराण्यातलं अँटिबायोटिक (अमॉक्सिसिलिन)

दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन वेगळ्या ब्रँडच्या पाकिटांवर 'सार्टान' दिसलं, तर एकच काम करणाऱ्या दोन गोळ्या चालू असू शकतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर 'सिलिन' दिसताच डॉक्टरांना सांगा. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका.

9) मोबाईल कसा वापरायचा

- छापील रिपोर्टसाठी गुगल लेन्स चांगलं चालतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर त्याचा भरवसा धरू नका.
- एआय चॅटला 'मला काय झालं?' असं विचारू नका. 'या शब्दाची फोड करून मराठीत अर्थ सांग' असं विचारा, आणि उत्तर दुसरीकडे पडताळा.
- फोटो टाकण्याआधी नाव, मोबाईल नंबर आणि 14 अंकी आभा नंबर क्रॉप करा. फॅमिली ग्रुपवरसुद्धा.
- मराठी प्रतिशब्द हवा असेल तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाईन मोफत आहेत.
- जुने कागद स्कॅन करून फाईलच्या नावात तारीख आणि तपासणीचं नाव टाका. डॉक्टर 'मागचा रिपोर्ट?' म्हणाले की शोधाशोध नको.

पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत गेलात तर निघण्याआधी तीनच प्रश्न विचारा: आजाराचं पूर्ण नाव काय? ही गोळी कशासाठी आणि किती दिवस? काय झालं तर लगेच परत यायचं? उत्तरं तिथेच मोबाईलच्या नोट्समध्ये मराठीत लिहून घ्या, आणि घरी आल्यावर पेशंटला वाचून दाखवा.