खिडकीबाहेर पाहणारी मुलं

एडीएचडी ही अलीकडची टूम आहे, असं मला हमखास ऐकवलं जातं. १७९८ साली स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने मनोविकारांवरच्या ग्रंथात अवधानावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. चित्त न ठरणं जन्मजात असू शकतं, हे त्यात आहे.

नीतीचा डाग लागला १९०२ मध्ये. लंडनमधल्या व्याख्यानांत बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल याने ४३ मुलांची हकिगत मांडली. त्यांतल्या अनेकांची बुद्धी शाबूत होती, ताबा तेवढा नव्हता. कारण त्याने शरीरातही शोधलं, पण नाव दिलं ‘नैतिक नियंत्रणाचा दोष’. आपल्या प्रगतिपुस्तकांत हाच शेरा सौम्य होऊन येतो: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’

१९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीने ३० मुलांना बेन्झेड्रिन दिलं. सुमारे निम्म्यांचा अभ्यास ठळकपणे सुधारला. उत्तेजक औषधाने मूल शांत व्हावं, हे नवलच!

वर्गात गोंधळ न घालणारी मुलं मात्र नजरेतून सुटत राहिली. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या नियमावलीत ‘अतिचंचलतेविना’ हा प्रकार आला १९८० मध्ये. मी त्याच जातकुळीतली. चाळिशीपर्यंत माझ्या केसपेपरवर आधी ‘चिंता’, मग ‘नैराश्य’ असं लिहिलं गेलं. दोन्ही खरीच होती. पण राहून गेलेली कामं आणि त्यावरून खाल्लेली बोलणी यांतून ती साचत गेली, हे कुणी विचारलं नाही.

लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत, ही जुनी अट २०१३ मध्ये बाराव्या वर्षापर्यंत सैल झाली. म्हणून नव्या डॉक्टरांनी माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक मागितलं. आईने ते जपून ठेवलं होतं.