इंदूरचा सराफा : एकाच ओट्यावरचे दोन बाजार

इंदूरच्या राजवाड्यामागे, पायी काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या सराफा बाजारात दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्या बंद होऊ लागल्या की त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर व समोरच्या रस्त्यावर खाद्यपदार्थांचे ठेले लागून मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी राहते. सायंकाळी राजवाड्यापाशी सुरू होऊन सराफ्यात संपणारी खाद्यभ्रमंती आता पर्यटकांच्या कार्यक्रमाचा नेहमीचा भाग झाली आहे. तिच्या वर्णनांत पदार्थांच्या नावांनाच अग्रस्थान मिळत असले, तरी एकच जागा दोन व्यवसायांनी दिवस-रात्र वाटून घ्यावी, ही व्यवस्था इतिहासाच्या अभ्यासकाला त्या पदार्थांहून अधिक काही सांगते.

इंदूर ही आरंभापासूनची राजधानी नव्हे. मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकात येथे वाड्याची उभारणी सुरू केली असली, तरी अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चालला. महिदपूरच्या पराभवानंतर 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिर होऊन दिवाण तात्या जोग यांच्या काळात राज्याची घडी पुन्हा बसली. दरबार आला तसे सावकारही आले, कारण राज्याला महसुलाच्या भरण्यासाठी, फौजेच्या पगारासाठी आणि रकमा हुंडीने, म्हणजे एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी ते मिळवण्याच्या लेखी आदेशाने, पाठवण्यासाठी त्यांची गरज होती. त्याहून मोठी उलाढाल माळव्याच्या अफूची होती. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी असली, तरी संस्थानी मुलुखातला हा माल तिच्या मुठीत येत नव्हता. म्हणून 1830च्या सुमारास कंपनीने खरेदीचा प्रयत्न सोडून परवाना-शुल्क घेऊन तो मुंबईमार्गे चीनकडे जाऊ देण्याचे धोरण पत्करले. या व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्या मारवाडी, जैन आणि वैष्णव पेढ्यांनी इंदूरला माळव्यातील पैशाचे केंद्र बनवले. चीनकडे जाणारी अफू विसाव्या शतकाच्या आरंभी बंद झाली, तेव्हा तेच भांडवल कापसात आणि गिरण्यांत उतरले. सर सेठ हुकुमचंद यांचे नाव या स्थित्यंतराशी कायमचे जोडलेले आहे.

रात्री माणसांची वर्दळ राहिली की बंद पेढ्यांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच ठेलेवाल्यांना ओट्यांवर बसू दिले, असे इंदुरात परंपरेने सांगितले जाते. पेढीवरचा हिशेब उशिरापर्यंत चालणाऱ्या वस्तीत रात्रीच्या खाण्याला गिऱ्हाईक तयारच असणार, हे कारणही तितकेच विचारात घेण्याजोगे आहे. सराफ्यातले खाणे शाकाहारी का, याचे उत्तरही याच वस्तीच्या आचारात सापडते.

पदार्थांच्या प्राचीनतेबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. ‘भुट्टे का कीस’ हा माळव्याचा खास पदार्थ म्हणून मिरवतो आणि ते रास्तच आहे : कोवळी कणसे किसून तो कीस तुपात, जिरे-हिंग-हिरव्या मिरचीच्या फोडणीवर परततात, दूध घालून मुरवतात आणि वरून कोथिंबीर, खोबरे व लिंबू देतात. तरी त्यातला मका अमेरिकेतून आलेला आहे. साबुदाण्याची खिचडी मराठी उपवासाची आठवण करून देते, पण येथे ती तुपात परतलेली नसते. भिजवलेला साबुदाणा वाफेवर ठेवून, गिऱ्हाईक आल्यावर त्यात मसाला, फराळी चिवडा आणि लिंबू कालवतात. शिवाय टॅपिओकाचा देशी साबुदाणा तमिळनाडूतील सेलममध्ये 1940च्या दशकात बनू लागला, तेव्हा आजच्या रूपातली ही खिचडी होळकरांच्या वैभवकाळाशी जोडणे धाडसाचे ठरेल. त्या मानाने हिवाळ्यात मिळणारा गराडू, म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, याच मातीशी अधिक जवळचा वाटतो. त्याचे तुकडे आधी अर्धवट तळून ठेवतात, मागणी आली की पुन्हा कुरकुरीत तळतात आणि वर जिरावण, म्हणजे जिरे, धणे, बडीशेप, आमचूर व काळे मीठ यांचा इंदुरी मसाला, भुरभुरतात. शेवटी पेय म्हणून इंदुरी शिकंजी येते. उत्तर भारतातील लिंबू-सरबताशी तिचा संबंध नाही. आटवलेले दूध, किंचित आंबट ताक, केशर, वेलदोडा आणि सुकामेवा यांचे ते दाट मिश्रण असते.

अलीकडच्या वर्षांत नूडल्स-मोमोचे ठेले वाढले, गर्दी आवरेनाशी झाली आणि गॅसच्या शेगड्यांमुळे आगीचा धोका दाखवून सराफांनी हा बाजार हलवण्याची मागणी केली. चिंचोळ्या रस्त्यावरील गर्दी पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. तथापि हा बाजार एखाद्या मोकळ्या मैदानात नेल्यास पदार्थ तेच राहिले, तरी पेढी आणि ठेला यांचे पिढ्यानपिढ्यांचे नाते तुटेल. राजवाड्याच्या दगड-लाकडाची नोंद आणि डागडुजी झाली आहे. आता कोणत्या ओट्यावर कोणाचे घराणे बसते, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या बोलीवर, याची नोंद इंदुरातील अभ्यासकांनी, विशेषतः मोडी व मराठी कागदपत्रे वाचू शकणाऱ्यांनी, जुनी माणसे हयात आहेत तोवर करून ठेवावी.