महाराजांची घोषणा आणि लोकांची घटना

२६ जानेवारी १९५० ह्या दिवसाचे स्मरण होताच लोकांची दृष्टी सहजच दिल्लीकडे वळते. परंतु घटना अमलात येण्याचा अर्थ देशात सर्वत्र सारखा नव्हता. मुंबई किंवा मद्रास प्रांतात १९३५ चा इंग्रजी कायदा गेला आणि त्याच्या जागी घटना आली. बंगळुरात मात्र संपुष्टात आली ती एका राजघराण्याची सत्ता. आणि तिचा कारभार तर सुव्यवस्थेबद्दल नावाजलेला होता! म्हणूनच म्हैसूरची हकीकत विशेष विचार करण्याजोगी आहे.

इंग्रजांच्या पन्नास वर्षांच्या अमलानंतर १८८१ साली हे राज्य वडियार घराण्याकडे परत आले. त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा भरविली. राष्ट्रीय सभेचा जन्म व्हावयास तेव्हा चार वर्षे अवकाश होता. सभेत दिवाण राज्यकारभाराचे निवेदन करीत आणि जमीनदार व व्यापारी आपली गाऱ्हाणी मांडीत. पुढे १९०७ साली कायदे कौन्सिल आले, १९२३ साली सभेचे अधिकारही वाढले. तथापि दिवाणास प्रश्न विचारता येत, त्यास दूर करता येत नसे. तो जबाबदार होता महाराजांना. उत्तम राज्य आणि स्वतःचे राज्य ह्यांतील अंतर ते एवढेच. पण ते तुटावयास सहासष्ट वर्षे लागली.

देश स्वतंत्र झाला तरी हे अंतर आपोआप मिटले नाही. सप्टेंबर १९४७ मध्ये ‘म्हैसूर चलो’ चळवळ पेटली. पुष्कळांनी तुरुंगवास पत्करला, तेव्हा कुठे ऑक्टोबरात तडजोड होऊन के. चेंगलराय रेड्डी यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. म्हैसूरने आपली निराळी घटनासभाही बोलाविली होती. पण अखेर भारताचीच घटना स्वीकारावी असे ठरले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी महाराज जयचामराजेंद्र वडियार यांनी तशी घोषणा काढली. दुसऱ्याच दिवशी दिल्लीस घटना संमत झाली.

घटनेची प्रस्तावना बोलते लोकांच्या नावाने. म्हैसुरात तिला वाट करून दिली ती राजाज्ञेने. ह्यात विसंगती दिसेल, पण कायद्याला दुसरा मार्ग नव्हता. ज्या अधिकाराने महाराजांनी ही घोषणा काढली, तोच अधिकार तिच्यायोगे मावळला. डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीतील एक सभासद एन. माधवराव हे तर १९४१ ते १९४६ पर्यंत म्हैसूरचे दिवाण होते. महाराजांस जबाबदार असलेला प्रधान लोकांस जबाबदार असणाऱ्या मंत्र्यांची कलमे तपासावयास बसला होता!

महाराज राजप्रमुख झाले. ते पदही १ नोव्हेंबर १९५६ रोजी गेले. जुन्या सरकारच्या अठरा खात्यांची बंगळुरातील तांबडी इमारत ‘अठरा कचेरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. हे नाव मराठी माणसास भाषांतरावाचून कळावे. तीत पुढे उच्च न्यायालय राहिले. तिच्यासमोर, रस्त्यापलीकडे, विधानसौधाची कोनशिला पंडित नेहरूंनी १३ जुलै १९५१ रोजी बसविली. राजप्रमुखपद गेले त्याच वर्षी, १९५६ साली, ते बांधकाम पुरे झाले.