बघ्यांची गर्दी आणि मनाचे शास्त्र

रस्त्यावर अपघात होतो, माणसे जमतात, पण जखमीला हात द्यायला कोणी पुढे होत नाही. अशा वेळी 'माणुसकी उरली नाही' असे म्हणून आपण मोकळे होतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी मात्र येथे थांबत नाही. माणूस असा का वागला आणि जे कारण आपण सांगतो ते खरे कशावरून, हे दोन प्रश्न तो विचारतो. पहिल्या प्रश्नातून या शास्त्राचे विविध दृष्टिकोन निर्माण झाले, तर दुसऱ्यातून संशोधनपद्धती विकसित झाल्या.

एक घटना, अनेक दृष्टिकोन

१८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे होऊ लागले. वुंट यांचा भर स्वतःच्या अनुभवांच्या पद्धतशीर निरीक्षणावर होता. १९१३ मध्ये अमेरिकेतील जॉन वॉटसन यांनी या भूमिकेला आव्हान दिले. शास्त्राने दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा, असा त्यांचा आग्रह होता.

बघ्याच्या निष्क्रियतेकडे वर्तनवादी शिक्षण-अनुभवाचा परिणाम म्हणून पाहील. पूर्वी मदत करताना त्रास झाला असेल, तर माणूस पुढच्या वेळी मागे राहतो. फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणवाद अबोध मनातील भीती व संघर्ष शोधेल. मॅस्लो आणि रॉजर्स यांचा मानवतावाद माणसाच्या चांगुलपणाच्या वाढीत कोणते अडथळे आले, हे पाहील. बोधात्मक दृष्टिकोन त्या क्षणी माणसाने प्रसंगाचा अर्थ कसा लावला, याचा विचार करील. जैविक दृष्टिकोन मेंदू व संप्रेरकांकडे, तर सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन समूहाच्या संकेतांकडे लक्ष वेधील. यांपैकी कोणताही एक दृष्टिकोन संपूर्ण नाही. शिवाय पटण्याजोगे स्पष्टीकरण म्हणजे सिद्ध झालेले स्पष्टीकरण नव्हे.

बातमीपासून प्रयोगापर्यंत

१३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या २८ वर्षांच्या तरुणीचा खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी तो पाहूनही कोणीच वेळेवर पोलिसांना कळवले नाही, असे वृत्त 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दोन आठवड्यांनी दिले. शहरी माणूस निष्ठुर झाल्याची चर्चा सर्वत्र सुरू झाली.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी वेगळी शक्यता मांडली. पाहणारे अनेक असल्यामुळेच तर कोणी पुढे आले नसेल? जबाबदारी सर्वांत वाटली गेली, की कोणा एकावर तिचे ओझे राहत नाही. हे त्यांचे गृहीतक होते.

१९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेद्वारे चर्चेला बोलावण्यात आले. मध्येच एका सहभागीला फेफऱ्याचा झटका आल्याचे ऐकू येई. प्रत्यक्षात तो ध्वनिमुद्रित आवाज होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत, असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांनी झटका संपण्याआधी मदत मागितली. आणखी एक जण ऐकतो आहे, असे वाटले तेव्हा हे प्रमाण ६२ टक्के झाले. आणखी चौघे आहेत, असे वाटले तेव्हा ते ३१ टक्क्यांवर आले.

येथे संशोधकांनी बदललेली गोष्ट एकच, ती म्हणजे इतरांची संख्या. हा स्वतंत्र चल. मदत मिळाली की नाही आणि किती वेळात, हा अवलंबी चल. कोणाला कोणत्या गटात घालायचे हे यदृच्छेने ठरत असल्याने स्वभावातील फरक सर्व गटांत विखुरले जातात. म्हणूनच कार्यकारणसंबंध सांगण्याचा अधिकार प्रयोगाला मिळतो.

प्रत्येक पद्धतीची मर्यादा

प्रयोगशाळेतील प्रसंग कृत्रिम असतो. सर्वेक्षणात अनेकांची मते कळतात, पण 'मी नक्की मदत करीन' असे सांगणारा प्रत्यक्षात करीलच असे नाही. व्यक्ती-अभ्यासात खोली असते, परंतु एका प्रकरणावरून सर्वांबद्दल बोलता येत नाही. सहसंबंधावरून दोन गोष्टी एकत्र बदलतात एवढेच कळते. त्यांपैकी कारण कोणते, हे कळत नाही.

नैसर्गिक निरीक्षणाने या विषयाला २०१९ मध्ये नवे वळण दिले. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतील शहरांत सीसीटीव्हीने टिपलेल्या २१९ भांडणांच्या अभ्यासात दहांपैकी नऊ प्रसंगांत किमान एक जण मध्ये पडल्याचे दिसले. माणसे जास्त, तेवढी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती.

मग जुना प्रयोग खोटा ठरला का? तसे नाही. एका व्यक्तीची मदत करण्याची शक्यता घटणे आणि गर्दीतून कोणीतरी पुढे येण्याची शक्यता वाढणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दोन अभ्यासांचे प्रश्न वेगळे होते आणि प्रसंगही वेगळे होते.

मूळ कथेची तपासणी

ज्या बातमीतून हे संशोधन सुरू झाले, तीही पुढे तपासणीत टिकली नाही. २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की ३८ जणांनी संपूर्ण खून निष्क्रियपणे पाहिल्याला पुरावा नाही. दुसरा हल्ला इमारतीच्या आत, बहुतेकांच्या दृष्टीआड झाला होता. एक शेजारीण तर धावत येऊन जखमी किटीला सावरून बसली होती. आपल्या वृत्तात त्रुटी असल्याचे 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही २०१६ मध्ये मान्य केले.

संशोधनाचे नैतिक भानही याच काळात वाढत गेले. बनावट झटका ऐकून काही विद्यार्थी अस्वस्थ झाले होते. आज अशा प्रयोगाला नैतिक समितीची मंजुरी लागते, सहभागींची संमती घेतली जाते आणि शेवटी त्यांना खरा हेतू समजावून सांगितला जातो.

बातमी चुकीची होती, तरी तिच्यातून निघालेला प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर बातमीवर नव्हे, प्रयोगावर उभे राहिले. संकटात सापडलेल्याने गर्दीला उद्देशून हाक मारण्याऐवजी एकाकडे बोट दाखवून 'तुम्ही रुग्णवाहिका बोलवा' असे सांगावे, हा प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात दिला जाणारा सल्ला जबाबदारीच्या याच वाटणीवरचा उपाय आहे.