हवापालट आणि रुजू

लांबलेल्या रजेनंतर माणूस कचेरीत आला की आपण म्हणतो, तो ‘रुजू’ झाला. हा शब्द मुळात अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ ‘परत फिरणे’ असाच आहे. कामाने पिचून आतून विझलेल्या माणसाला आज ‘बर्नआउट’ झाला असं म्हणतात आणि चार दिवस लोणावळ्याला जाऊन ये, असा सल्ला देतात. विसाव्याची सोय मावळात फार जुनी आहे. परत फिरण्याची सोय कोणी करायची, हा खरा प्रश्न.

त्याचं एक जुनं उत्तर कार्ल्याच्या चैत्यगृहात कोरलेलं आहे. पावसाळ्यात भिक्खूंनी भटकंती थांबवून एके जागी राहायचं आणि पाऊस सरला की पुन्हा वाटेला लागायचं, हा वर्षावासाचा नेम. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी करजिक गाव दान दिलं, तेही पंथाचा भेद न करता. वर्षावास हा काही थकव्यावरचा उपचार नव्हता. पण त्यात थांबण्याला मुदत होती, पुढची वाट ठरलेली होती आणि दरम्यानच्या पोटापाण्याचा भार कोणीतरी उचललेला होता.

1863मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि मुंबईकराला खंडाळ्याची हवा काही तासांवर आली. ‘हवापालट’ हा शब्द घरोघरी गेला, सॅनिटोरियमं उभी राहिली. तळेगावच्या जुन्या रुग्णालयाच्या नावातच ‘कन्व्हॅलेसंट होम’ आहे: आजार ओसरल्यावर अंगात बळ येईपर्यंत राहायची जागा. तिकडे इंग्लंडमध्ये फ्रिमलीच्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये डॉ. मार्कस पॅटरसन एक पाऊल पुढे गेले. रुग्णाने आधी चालायचं, मग टोपली उचलायची, मग फावडं हाती घ्यायचं. औषधासारखी कामाचीही मात्रा ठरवायची आणि ती हळूहळू वाढवायची. आज थकलेल्या कर्मचाऱ्याला आधी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस काम देतात, त्या पद्धतीचं बीज मला इथे दिसतं.

लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगांनी तपासायला घेतला. ‘योगमीमांसा’ हे त्यांचं नियतकालिकही त्याच वर्षीचं. 1927च्या मार्चमध्ये दौऱ्यांच्या दगदगीने गांधीजी कोल्हापुरात कोसळले. रक्तदाब वाढला होता. आंबोली आणि नंतर नंदी टेकड्यांवर त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात आसनांबाबत त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि काही महिन्यांनी ते पुन्हा दौऱ्यावर निघाले.

‘बर्नआउट’ हे नाव मात्र पुढचं. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांची अवस्था पाहून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली त्यावर लिहिलं. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याच्या तीन खुणा मांडल्या: शीण, कामाबद्दलचा तुटलेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. 2022पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या यादीत तो आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदला आहे. ही नोंद फार मोलाची वाटते. दुखण्याचं मूळ कामाच्या ठिकाणी असेल, तर नुसत्या हवापालटाने ते कसं जाईल? लोणावळ्यात माणूस सावरेल, पण सोमवारी तेच साहेब, तीच मुदत, तेच रात्री अकराचे फोन.

परतीची सोय कामाच्या ठिकाणीच कशी करता येते, हे नेदरलँड्समध्ये दिसतं. तिथे आजारी कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत किमान 70 टक्के पगार मालकाने द्यायचा असतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत दोघांनी मिळून परतीचा आराखडा करायचा असतो. उषवदाताच्या दानात होतं तेच इथेही आहे. थांबणाऱ्याच्या पोटाचा भार दुसऱ्या कोणीतरी घेतला आहे आणि पुढची वाट आखलेली आहे.

मुंबईहून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. 37 फुटांना एक फूट असा घाटाचा चढ ती गाडीला पार करून देतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. पुढे पुण्यापर्यंत गाडी आपल्याच बळावर जाते. चढ आहे म्हणून त्या गाडीला कोणी दुबळी म्हणत नाही. दमून परतणाऱ्या माणसाच्या मागेही त्याच्या कचेरीने असंच बळ लावावं, चढ संपेपर्यंत.