बलुत्याचा हात

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे काळ्या मातीच्या मुलखातील गाव 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते, आणि त्या अमलातील शेतसारा, इनामे, पाटील-कुळकर्ण्यांची वतने यांचा माग दप्तरांतून काढता येतो. परंतु ज्या हातांनी या पंचक्रोशीतील नांगरट्याची पाठ, बाळंतिणीची कंबर आणि पहिलवानाच्या मांड्या पिढ्यान्‌पिढ्या चोळल्या, त्या हातांची नोंद ठेवावी अशी कोणत्याही दप्तराची रीत नव्हती. मर्दनाचे शास्त्र आपल्याकडे संस्कृत ग्रंथांत राहिले आणि मर्दनाची कला मात्र ज्यांना ते ग्रंथ उघडण्याचा अधिकारच नव्हता अशा न्हाव्यांच्या व सुइणींच्या बोटांत राहिली. या दोहोंची गाठ कधी नीट पडली नाही, हे या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत मोठे वैगुण्य होय, असे मला वाटते.

शास्त्र काही थोडे नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचा महिमा सांगताना वंगण घातलेल्या आसाचा जो दृष्टान्त योजिला आहे, तो बैलगाडीवर जगलेल्या या मुलखाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्वचा हे स्पर्शाचे अधिष्ठान, स्पर्शात वायूचे प्राबल्य, म्हणून त्वचेला हितकर असा अभ्यंग वायूचे शमन करतो, अशी त्याची उपपत्तीही तेथेच दिली आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानात अभ्यंग, उद्वर्तन आणि संवाहन म्हणजे अंग दाबणे यांचे गुण निरनिराळे सांगून, नवज्वरात, अजीर्णात, तसेच वमन-विरेचनानंतर अभ्यंग करू नये, असा निषेधही घालून दिला. त्याचा टीकाकार डल्हण तर असे गणित मांडतो की, तेल 300 मात्रांत केसांच्या मुळांशी, 400 मात्रांत त्वचेत आणि याच क्रमाने 900 मात्रांत मज्जेपर्यंत पोहोचते. आजच्या शरीरविज्ञानाला हे आकडे मान्य होणार नाहीत; तथापि घाईने चार हात फिरवून उठू नये, खोलवरच्या दुखण्याला वेळ द्यावा, हा त्यांतील व्यवहारोपदेश कोणताही जाणता मर्दनकार आजही शिरोधार्य मानील. पुढे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या स्नानभोगाचे, सुगंधी तेलांचे आणि मल्लांच्या आहारविहाराचे सविस्तर वर्णन आले. परंतु राजाचे अंग चोळणारा तो मनुष्य कोण, त्याची स्वतःची पाठ दुखे तेव्हा ती कोण चोळी, हा प्रश्न राजग्रंथाच्या कक्षेबाहेरचा होता.

तेराव्या शतकातील लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या दिनक्रमात मर्दनेचा उल्लेख वारंवार येतो आणि तो भक्ताच्या सेवेचा भाग म्हणून येतो. सेना न्हाव्याची कथा याहून अर्थपूर्ण आहे. मराठी परंपरेने बेदरच्या दरबारात चाकरीस असलेला म्हणून ओळखलेला हा संत भजनात रंगून गेला असता प्रत्यक्ष विठ्ठल त्याचे रूप घेऊन राजाच्या सेवेला गेला, आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज मूर्तीचे प्रतिबिंब दिसले, असे महिपतीने 1762 साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात सांगितले आहे. अंग चोळणे हे हलके काम मानणाऱ्या समाजानेच देवाला त्या कामावर रुजू केले, यात त्या समाजाच्या अंतर्यामीची कबुली आहे, असे मी समजतो.

प्रत्यक्ष गावगाड्यात मात्र ही कबुली कोठेच दिसत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ज्या ग्रामव्यवस्थेचे चित्र ‘गावगाडा’त रेखाटले, तिच्यात न्हावी हा बलुतेदार, हजामत हे त्याचे मुख्य काम असले, तरी थकल्याभागल्या पाहुण्याचे पाय दाबणे, लग्नात नवरदेवाला न्हाऊमाखू घालणे आणि चावडीवर मुक्काम ठोकलेल्या अंमलदाराचे अंग रगडणे, ही कामेही त्याच्याकडेच येत, आणि या साऱ्याचा मोबदला सुगीला खळ्यावर मिळणाऱ्या धान्यात जमा धरलेला असे. पाठीत लचक भरली, मानेची शीर आखडली, की रयत त्याच्याकडेच जाई. लचक आणि अस्थिभंग यांतील भेद ज्याला बोटांनी कळे तो न्हावी गावाचे भाग्य. ज्याला कळत नसे त्याने मोडलेल्या हाडावर तेल रगडून माणसे जन्माची अधू केली, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. उसण भरल्यास पायाळू माणसाकडून, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्याकडून, पाठीवर पाय लावून घ्यावा, अशी समजूत महाराष्ट्रभर होती आणि अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

परंतु या विद्येचे खरे माहेर स्त्रियांच्या हाती होते. सव्वा महिना बाळंतिणीला रोज तेल लावणे, कंबर, ओटीपोट आणि पोटऱ्या यांवर वेगवेगळ्या जोराने हात चालविणे, कढत पाण्याने न्हाऊ घालून दोरीच्या बाजेखाली ओव्याच्या धुरीची शेगडी ठेवणे, हा सारा विधी सुईण आपल्या आईकडून किंवा सासूकडून शिके. बाळाला ती पाय पसरून नडग्यांवर पालथे घेई, टाळू भरी, आणि उजवा हात डाव्या पायाला व डावा हात उजव्या पायाला लावून सांधे मोकळे करी. ज्याने हे एकदा लक्षपूर्वक पाहिले आहे, त्याला हा केवळ रूढीचा भाग वाटणार नाही. नाकात-कानात तेल सोडण्याची चाल मात्र घातकच होती, आणि डॉक्टरांनी तिचा निषेध केला तो योग्यच केला. तालमीतील मर्दन हा तिसरा प्रवाह. तेथे वस्ताद आणि पठ्ठे एकमेकांचे अंग चोळीत, आणि म्हणूनच तेथे या कामाला हलकेपणा चिकटला नाही.

परदेशात या कलेचे भाग्य निराळे ठरले. पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद याने 1814 च्या सुमारास इंग्लंडातील ब्रायटन येथे बाष्पस्नान आणि मर्दनाचे गृह काढले व दोन इंग्रज राजांकडून राजनियुक्तीचा मान मिळविला. आपल्याकडे अशी प्रतिष्ठा यावयास पोलिओची साथ कारण झाली: 1953 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने भौतिकोपचाराची शाळा निघाली, आणि पुढे हाताने बरे करणे ही पदवीची विद्या झाली. त्या पदवीच्या वर्गात बलुतेदाराचा नातू बसला की नाही, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही.

बीड जिल्ह्याला या विद्येची गरज आज जितकी आहे तितकी क्वचितच कोठे असेल. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायकोचे कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांत जातात. दिवसभर वाकून तोडणी आणि मग मोळी डोक्यावर घेऊन वाहनाला लावलेल्या फळीवरून वर चढणे, असे महिनोन्‌महिने चालते, आणि कंबर, गुडघे व मान मोडून घेऊन ती माणसे उन्हाळ्याच्या तोंडी गावी परततात. पैसेवाल्याला शहरात मर्दनगृह आहे. ज्याच्या पाठीने साखर तयार होते, त्याला वेदनेची गोळी आहे.

2005 साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, आणि ते हितावहच झाले. परंतु आई-बाळाच्या तेल-आंघोळीसाठी खेडोपाडी अद्याप त्याच सुइणीला बोलावणे जाते, आणि लुगडे-चोळी, शिधा व थोडे पैसे एवढ्यावर ती आपला हात चालविते. अंबाजोगाईस 1974 पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. दिंद्रुडसारख्या गावांतील या वृद्ध स्त्रिया हयात आहेत तोवर तेथील विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ बसून कोणता दाब कोठे, किती वेळ आणि कशासाठी दिला जातो, त्यांतला कोणता उपकारक व कोणता अपायकारक, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि लिहिताना त्या हाताच्या धनिणीचे नावही दप्तरात घालावे.