जुने यंत्र केव्हा बदलावे?

काळाचौकीच्या एका शाळेत आम्ही संगणकाच्या इतिहासावर बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर दहावीतल्या एका मुलाने विचारले, "आमच्या घरचा संगणक आठ वर्षांचा आहे. नवे खेळ त्यावर अडखळतात. बाबा म्हणतात, चालतोय ना, मग कशाला बदलायचा? दादा म्हणतो, निदान नवे ग्राफिक्स कार्ड तरी घेऊ. कोणाचे बरोबर?"

वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्यात एका घरातले काही हजार रुपये अडकले होते. शिवाय ज्या भागात तो विचारला गेला, त्या भागाचे नशीबच कित्येक दशके या प्रश्नाशी बांधलेले होते. म्हणून उत्तर देण्याआधी आम्ही मुलांना गिरणीत नेले, अर्थात गोष्टीतल्या.

साचा जुना झाला म्हणजे काय?

काळाचौकीतल्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ या पूर्वी ससून घराण्याच्या गिरण्या होत्या. साध्या साच्यावर, म्हणजे मागावर, धोट्यातले सूत संपले की विणकराला साचा थांबवावा लागे. धोटा बदलायचा आणि साचा पुन्हा सुरू करायचा. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग आला. तो न थांबता रिकामी बाबीण टाकून भरलेली घेई. त्यामुळे एक विणकर कितीतरी जास्त माग सांभाळू शके.

मग मुंबईच्या गिरण्यांनी आपले साचे लगेच का बदलले नाहीत? केवळ मालकांचा कंजूषपणा हे उत्तर अपुरे आहे. नवा माग महाग होता आणि त्यातून वाचणारी मजुरी इथे स्वस्त होती. दुसरी अडचण तांत्रिक होती. स्वयंचलित मागाला मजबूत, एकसारखे सूत लागते. सूत वरचेवर तुटले तर महागडा मागही नुसता उभा राहतो. म्हणजे साचेखाते सुधारायचे तर आधी सूत कातणारे त्रासनखाते सुधारायला हवे, आणि त्याच्याही आधी कापूस पिंजण्याचे काम. एकच खाते बदलून गिरणी नवी होत नाही.

पण यंत्रे न बदलता उत्पादन वाढवण्याचा एक मार्ग मालकांना दिसत होता. सूतखात्यात एका कामगाराने दुप्पट चात्या सांभाळायच्या आणि विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवायचे. अशा योजनांवरून १९२८ साली जो संप पेटला, तो सुमारे सहा महिने चालला. यंत्र बदलण्याचा किंवा न बदलण्याचा खर्च शेवटी कोणीतरी भरतोच. तो कोणाच्या माथी पडतो, हेही हिशेबात धरावे लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा अनेक गिरण्यांतली यंत्रे जुनाट झालेली होती.

गंमत अशी, की मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले कित्येक साचे भिवंडीत गेले आणि तिथल्या यंत्रमागांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे कापड विणत राहिले. काळाचौकीत जे भंगार, ते भिवंडीत भांडवल! म्हणजे यंत्राचे म्हातारपण यंत्रात कमी आणि त्याच्याकडून आपण कोणते काम मागतो यात जास्त असते.

न बिघडलेला संगणक

आता संगणकाकडे वळू. काळाचौकीहून दहाएक किलोमीटर दक्षिणेला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका गटाने देशी संगणक बांधायला घेतला. त्याचा प्रायोगिक नमुना १९५६ साली चालू झाला. पूर्ण यंत्र १९६० साली वापरात आले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृती होती २,०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करून पाहा. ८१,९२० बिट, म्हणजे फक्त १० किलोबाइट! आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही यात मावणार नाही.

नमुना तयार झाला तेव्हा टिफ्रॅकची रचना जगाच्या बरोबरीची होती. पण पूर्ण यंत्र उभे राहीपर्यंत परदेशात ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक बाजारात आले होते. १९६४ साली संस्थेत तसाच एक संगणक आला, सीडीसी ३६००. त्याची स्मृती ३२,७६८ शब्दांची होती आणि शब्द ४८ बिटांचा. म्हणजे टिफ्रॅकच्या सुमारे १९ पट. टिफ्रॅक त्यानंतरही १९६५ पर्यंत वापरात होता. जुना बंद पडला म्हणून नवा आणला, असे झाले नाही. गणिते मोठी झाली आणि ती जुन्यात मावेनाशी झाली.

बदलाची एक किंमत मात्र पावतीवर दिसत नाही. टिफ्रॅकसाठी यंत्रभाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या नव्या यंत्राला कळणार नव्हत्या. त्या पुन्हा लिहिणे भाग होते. नवे यंत्र घेणाऱ्याने शिकण्याचा हा वेळही खर्चात धरावा.

गाडे अडते कुठे?

आता त्या मुलाच्या संगणकाची गिरणी पाहू. पडद्यावरचा खेळ म्हणजे झरझर बदलणारी चित्रे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. आधी प्रक्रियक 'कोण कुठे आहे' याचे गणित करतो आणि मग ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवते. प्रक्रियक म्हणजे जणू त्रासनखाते आणि कार्ड म्हणजे साचेखाते. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रक्रियक पुढच्याचे गणित करत असतो. म्हणून वेग ठरतो तो दोघांतल्या सावकाश चालणाऱ्यावर.

समजा, प्रक्रियकाला २० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ३०. तर सेकंदाला ३३ चित्रे मिळतील. आता तिप्पट वेगाचे, १० मिलिसेकंदांचे कार्ड आणले. १०० चित्रे मिळतील? नाही. प्रक्रियकाचे २० मिलिसेकंद तसेच आहेत, म्हणून ५०च मिळतील. उलट, प्रक्रियकच ३० मिलिसेकंद घेत असेल तर नव्या कार्डाने एकही चित्र वाढणार नाही. सूत नसताना माग आणल्यासारखेच ते!

अडथळा ओळखण्याची चाचणी फुकट आहे. खेळाच्या चित्राची सूक्ष्मता कमी करा. वेग वाढला, तर कार्ड अडत होते. वेग तोच राहिला, तर अडथळा बहुधा प्रक्रियकात आहे. त्याआधी पंख्यातली धूळ मात्र झाडावी, कारण तापलेला प्रक्रियक स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो.

थांबावे की घ्यावे?

टिफ्रॅक निवृत्त झाला त्याच १९६५ साली गॉर्डन मूर यांनी एका चकतीवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत असल्याचे निरीक्षण मांडले. १९७५ साली त्यांनी दुपटीचा काळ दोन वर्षे केला. संगणकाचा वेगही याच गतीने वाढतो असे मानू आणि वर्गात एक गणित घालू. एका कामाला आजच्या यंत्रावर चार वर्षे लागतात. दोन वर्षे थांबून दुप्पट वेगाचे यंत्र घेतले तर ते दोन वर्षांत होईल. एकूण चारच! काम याहून लांब असेल तर थांबणे फायद्याचे आणि आखूड असेल तर आजच सुरू करावे. आता वेगवाढ पूर्वीसारखी राहिलेली नाही. त्यामुळे थांबण्याचा फायदा घटला आहे आणि जुने यंत्र कामाचे राहण्याचा काळ वाढला आहे.

कधी यंत्र धडधाकट असते आणि भोवतालचे जग सरकते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि उत्तम चालणारे कितीतरी संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. त्यांतल्या काहींवर लिनक्स घालून ते शाळेत अजून कामी येतील. भिवंडीची आठवण ठेवावी!

त्या मुलाने ही चाचणी घरी करून पाहिली. सूक्ष्मता निम्मी केली तरी वेग हलला नाही. दादाने पसंत केलेले कार्ड घेतले असते तर पैसे पाण्यात जाणार होते. बाबांचे 'चालतोय ना' हेही पूर्ण उत्तर नव्हते. दोघांनीही मोजून पाहिले नव्हते, एवढेच.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. शाळेतले सर्वांत जुने यंत्र निवडा, मग तो संगणक असो, पाण्याचा पंप असो की शिवणयंत्र. ते किती वर्षांचे आहे हा प्रश्न शेवटी विचारा. आधी घड्याळ लावून मोजा, ते नेमके कुठे अडते. आणि ते बदलल्यास कोणाचा लाभ होईल व खर्च कोणाच्या माथी पडेल, तेही मुलांनाच लिहायला सांगा.